मज्जारज्जूला मार लागल्यावर चेतापेशी कशा मरतात? घरच्यांनी विचारलेले प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मणक्याच्या दुखापतीचे रुग्ण हेच माझं रोजचं काम. लोकलमधून पडलेला मुलगा, इमारत रंगवताना परांचीवरून घसरलेला माणूस, दहीहंडीच्या चौथ्या थरावरून खाली आलेला गोविंदा, पावसात खड्ड्यात दुचाकी आपटलेली बाई. यांच्या घरची माणसं वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून जे विचारतात, रात्री अकरा वाजता एमआरआयचा फोटो पाठवून जे विचारतात, ते प्रश्न इथे त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

डॉक्टर म्हणाले, "नस मेली." म्हणजे नक्की काय मेलं?

आपल्याकडे 'नस' या शब्दावर फार भार आहे. रक्त काढतात ती नस, मानेत अवघडते ती नस, कमरेत दबते तीही नस. त्यामुळे 'नस मेली' म्हटलं की कमरेपासून अंगठ्यापर्यंत वाळून गेलेली एक दोरी डोळ्यांसमोर येते. तसं झालेलं नसतं.

मज्जारज्जू हा मेंदूच्या तळापासून निघून मणक्यांच्या पोकळीतून खाली येणारा, साधारण ४५ सेंटिमीटर लांबीचा, करंगळीएवढा जाड दोर. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी तो संपतो आणि पुढे नसांचा झुबका उरतो. दोराच्या मधोमध राखाडी भाग असतो, तिथे चेतापेशींची मूळ शरीरं असतात. त्याच्या भोवती पांढरा भाग, म्हणजे वरखाली धावणारे लांब तंतू. या तंतूंवर चरबीचं वेष्टन असतं, त्याला मायलिन म्हणतात.

आता समजा पाठीच्या मध्यावर मार लागला. त्या जागच्या राखाडी भागातल्या पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. पायासाठी मेंदूतून निघालेला तंतू तिथे तुटतो, पण त्याचं मूळ मेंदूत असतं आणि ते बहुतेक वेळा जगतं. जखमेच्या खाली राहिलेला तंतूचा तुकडा मात्र झाडापासून तोडलेल्या फांदीसारखा हळूहळू सुकतो. ऑगस्टस वॉलरने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे सुकणं पहिल्यांदा नीट वर्णन केलं.

आणि पायाचे स्नायू हलवणाऱ्या पेशी? त्या रज्जूच्या अगदी खालच्या, फुगीर भागात असतात. पाठीच्या मध्यावर मार लागला तर त्या जखमेच्या खाली राहतात, आणि जिवंत राहतात. त्यांच्याकडे वरून निरोप पोचत नाही, एवढंच. म्हणून डॉक्टरांना "मेली का?" असं विचारण्यापेक्षा "मार कुठल्या पातळीवर आहे आणि इजा पूर्ण आहे की अपुरी?" असं विचारा. अपुरी म्हणजे काही तंतू वाचलेले. उत्तर जास्त कामाचं मिळेल.

मणका मोडला म्हणजे रज्जू तुटलाच ना?

नाही. मणका हाड आहे, रज्जू त्याच्या आतला मऊ दोर. मणका मोडून रज्जू शाबूत राहिलेले लोक पुष्कळ आहेत, आणि वयस्कर माणसांत मणका न मोडताही रज्जूला मार बसतो. मानेच्या जुन्या स्पाँडिलोसिसमुळे जागा आधीच अरुंद झालेली असते, न्हाणीघरात तोल जाऊन हनुवटी आपटते, मान मागे झटकते आणि पायांपेक्षा हात जास्त लुळे पडतात.

रज्जू कापल्यासारखा पूर्ण दोन तुकडे होणं विरळाच. बहुतेकदा तो चेपला जातो, ठेचला जातो. नुकसान मधल्या राखाडी भागात सुरू होतं, कारण तो जास्त नाजूक आणि त्याला रक्तही जास्त लागतं. तिथून ते बाहेरच्या बाजूला पसरतं. कडेला पांढऱ्या भागाची एक कड अनेकदा वाचते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तंतूंपैकी दहा टक्क्यांच्या आसपास वाचले तरी चालण्याचा काही भाग परत आलेला दिसला आहे. ही वाचलेली कड किती जाड राहते, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

मग पेशी मार लागला त्याच क्षणी मरतात का?

काही मरतात. सगळ्या नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

१९११ मध्ये आल्फ्रेड रेजिनाल्ड ॲलन या अमेरिकी डॉक्टरने कुत्र्यांच्या उघड्या मज्जारज्जूवर ठरावीक उंचीवरून वजन पाडलं. आज ते वाचताना पोटात कालवतं. पण त्याने एक गोष्ट पाहिली: मारानंतर थोड्या वेळाने रज्जूला चीर देऊन आत साचलेलं रक्त आणि पाणी बाहेर काढलं, तर जनावरं जास्त बरी होत होती. म्हणजे वजन पडून संपल्यावरही आत काहीतरी चालू होतं, आणि ते नुकसान वाढवत होतं.

त्यालाच आज दुय्यम इजा म्हणतात. पहिली इजा हाडाच्या तुकड्याची, आपटण्याची. ती क्षणात होते आणि तिच्यावर कुणाचाच इलाज नाही. दुसरी इजा पहिल्या मिनिटांत सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जोरात असते आणि नंतर कमी होत होत काही आठवडे चालते. पहिल्या धक्क्यातून वाचलेल्या पेशी या दुसऱ्या लाटेत जातात. रुग्णवाहिका, रक्तदाब, शस्त्रक्रियेची वेळ, आयसीयूतली देखरेख ही सगळी धडपड त्या वाचलेल्यांसाठी असते.

एकदा एका वॉर्डात, अपघाताला पाच तासही झाले नसताना, मुलाच्या आईला खाटेपाशीच सांगितलं गेलं की नसा मेल्या, आता काही होणार नाही. तो मुलगा ऐकत होता. पाच तासांनी असं सांगायला शरीराने अजून निकालच दिलेला नसतो. मला तो प्रसंग आजही सलतो.

पहिल्या काही तासांत आत नेमकं काय होतं?

आधी रक्त. बारीक रक्तवाहिन्या फुटतात, उरलेल्या आकसतात, सूज येते. मणक्यांच्या हाडाच्या नळीत सुजायला जागा नसते, म्हणून दाब वाढतो आणि रक्त आणखी तुटतं. चेतापेशीकडे ऊर्जेचा साठा जवळजवळ नसतोच. रोज कमावून रोज खाणाऱ्या घरासारखं तिचं असतं. रक्त थांबलं की काही मिनिटांत तिचे पंप बंद पडतात.

हे पंप पेशीत सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांचं माप सांभाळतात. ते थांबले की पेशीतून ग्लुटामेट बाहेर सांडतं. ग्लुटामेट म्हणजे एका चेतापेशीने दुसरीला द्यायचा निरोप. एरवी तो चिमूटभर दिला जातो आणि लगेच उचलून घेतला जातो. आता त्याचा पूर येतो. शेजारच्या धडधाकट पेशींना "जागी हो, जागी हो" असा निरोप थांबता थांबत नाही. त्यांची दारं उघडीच राहतात आणि त्यांतून कॅल्शियम आत घुसतं. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असतं, त्यामुळे दार उघडं राहिलं की ते धावतच येतं.

आत आल्यावर ते पेशीतलीच विकरं (एन्झाइम) चाळवतं, आणि ती पेशीचा सांगाडा, तिचं आवरण कुरतडू लागतात. ऊर्जा बनवणारी मायटोकाँड्रिया कॅल्शियम गिळून गिळून फुगतात आणि फुटतात. त्यांतून बाहेर पडलेले मुक्त कण पेशीच्या चरबीच्या आवरणाला गंज चढल्यासारखे खातात. मज्जारज्जूत चरबी भरपूर, म्हणून ही आग इथे पटकन पसरते. आणि मरणारी प्रत्येक पेशी आपलं ग्लुटामेट शेजाऱ्यांवर ओतूनच मरते.

अतिउत्तेजनाने पेशी मरते ही कल्पना जॉन ऑल्नी यांनी १९६९ मध्ये मांडली.

ग्लुटामेट म्हणजे अजिनोमोटोच ना? चायनीज भेळ बंद करायची का?

रसायन तेच, हे खरं. ऑल्नींनीही उंदरांच्या पिल्लांना तेच टोचलं होतं. पण खाल्लेलं ग्लुटामेट बहुतेक आतड्यांतच वापरलं जातं. जखमेतलं ग्लुटामेट आतल्याच पेशींमधून सांडलेलं असतं. पथ्य पाळायचं असेल तर बद्धकोष्ठ होणार नाही असं खा. मज्जारज्जूच्या रुग्णाला त्याचा त्रास खरोखर होतो.

कॅल्शियमने पेशी मरतात, तर कॅल्शियमच्या गोळ्या थांबवू?

मनाने थांबवू नका. पेशीच्या दारातून आत शिरणाऱ्या कॅल्शियमचा गोळीशी संबंध नाही. लुळ्या पायांची हाडं पहिल्या वर्षात ठिसूळ होत जातात, पण मूतखड्याचीही भीती असते. गोळी घ्यायची की नाही, ते रक्त आणि लघवीचे रिपोर्ट पाहून डॉक्टर ठरवतील.

सगळ्या पेशी एकाच तऱ्हेने मरतात का?

नाही. पावसाळ्यात आपल्याकडे जुनी चाळ कोसळते तेव्हा काय होतं ते आठवा. कुणाला काही कळायच्या आत भिंत पडते, ढिगारा शेजारच्या घरावर, आवाज, धूळ. पेशीचं असं मरण म्हणजे नेक्रोसिस. पेशी फुगते, फुटते, आतलं सगळं बाहेर पडतं आणि शेजाऱ्यांना लागतं. जखमेच्या मध्यभागी, पहिल्या काही तासांत असंच मरण जास्त असतं.

दुसरी तऱ्हा वेगळी. इमारत धोकादायक ठरते, नोटीस लागते, लोक सामान बांधतात, एकेक खोली रिकामी होते, मग शिस्तीत पाडकाम. पेशीच्या आत अशी नोटीस काढणारी विकरं आहेत, त्यांना कॅस्पेझ म्हणतात. ती चालू झाली की पेशी आकसते, तिचा डीएनए ठरावीक जागी तुटतो, तिची छोटी गाठोडी होतात आणि साफसफाईच्या पेशी ती उचलून नेतात. याचं नाव ॲपॉप्टॉसिस. केर, वायली आणि करी यांनी हा शब्द १९७२ मध्ये वापरात आणला. मूळ ग्रीक अर्थ पानगळीच्या जवळचा. गर्भात आपल्या बोटांमधला पडदा जातो तो याच मरणामुळे, म्हणजे ते एरवी शरीराच्या कामाचं असतं. या क्षेत्रातल्या कामाला २००२ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मज्जारज्जूच्या बाबतीत ही दुसरी तऱ्हा मला जास्त अस्वस्थ करते. १९९७ मध्ये उंदीर आणि माकडांवरच्या अभ्यासांत दिसलं की मारानंतर काही तासांनीच नव्हे, तर काही आठवड्यांनीही पेशी अशा मरत राहतात, आणि जखमेपासून बऱ्याच दूर. त्यांत मोठा वाटा चेतापेशींचा नसतोच. तो असतो मायलिन बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या आधार-पेशींचा. अशी एक पेशी अनेक तंतूंना वेष्टन पुरवते. ती गेली की तंतू जिवंत असूनही उघडे पडतात, वायरवरचं प्लास्टिक निघाल्यासारखे, आणि त्यांतला निरोप वाटेतच विरतो. तार आहे, पण बोलणं पोचत नाही.

सूज शत्रू आहे की मित्र?

दोन्ही. मार लागल्यावर काही तासांतच रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात, साधारण एका दिवसात त्यांची गर्दी शिगेला पोचते. पुढच्या आठवड्यात ढिगारा उचलणाऱ्या मोठ्या पेशी येतात आणि महिनोन्‌महिने राहतात. ढिगारा उचलल्याशिवाय काही भरून येणार नाही. पण उचलताना त्या अशी रसायनं सोडतात की कडेच्या चांगल्या पेशीही भाजतात. सूज पूर्ण दाबणारी औषधं म्हणूनच फारशी फळली नाहीत.

आम्ही त्याला हातापायाला धरून उचललं, रिक्षात आडवं घातलं. आमच्यामुळे मेल्या का पेशी?

हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन, खाली बघत विचारतात. बहुतेक वेळा वडील किंवा मित्र.

खरं ते सांगते. अस्थिर मणका वाकला तर रज्जूला आणखी इजा होऊ शकते. पण तुमच्या माणसात पडताक्षणी किती झालं होतं आणि उचलताना किती झालं, हे आता कुठल्याही एमआरआयवरून कुणीच वेगळं काढू शकत नाही. बहुतेक मोठी इजा आपटतानाच होते. रुळावर गाडी येत असताना तुम्ही त्याला तिथेच ठेवलं असतं, तर आज तो नसता. हे मी समजूत घालायला म्हणत नाही, हिशेबच तसा आहे.

पुढच्या वेळी दुसऱ्या कुणासाठी लक्षात ठेवा. पडलेल्या माणसाला बसवू नका, उठून चालायला लावू नका, पाणी पाजू नका. एकाने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरावं. वळवायचंच असेल तर तिघा-चौघांनी मिळून डोकं, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून ओंडक्यासारखं वळवावं. स्ट्रेचर नसेल तर दार, फळी, काहीही सपाट चालेल. १०८ ला फोन करा आणि "मणक्याला मार असावा" हे शब्द सांगा.

काल रात्री बोटं हलत होती, सकाळी बंद. असं होतं का?

होतं, आणि ते घरच्यांनाच आधी दिसतं. सूज वाढणं, आत रक्त साचणं, रक्तदाब पडणं, हाडाचा तुकडा सरकणं, यांपैकी काहीही असेल. लगेच सिस्टरला सांगा, राउंडची वाट पाहू नका. "साहेब सकाळी येतील" असं उत्तर मिळालं तर पुन्हा सांगा, तिसऱ्यांदा सांगा. मानेच्या दुखापतीत श्वास उथळ व्हायला लागला तर तेही असंच तातडीचं.

त्याला कधी बीपी नव्हतं. आयसीयूत बीपी वाढवायचं औषध का देतात?

मान किंवा छातीच्या वरच्या भागात मार असेल तर रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसांचा मेंदूशी संपर्क तुटतो. वाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो, हृदयाचे ठोकेही मंदावतात. आणि सुजलेल्या रज्जूला आपलं रक्त आपण सांभाळण्याची ताकद राहिलेली नसते. दाब पडला की त्याचं रक्त तुटतं. म्हणून पहिले पाच ते सात दिवस सरासरी रक्तदाब ८५ ते ९० च्या घरात ठेवण्याचा प्रयत्न असतो. मॉनिटरवर वरच्या-खालच्या आकड्यांशेजारी कंसात दिसतो तो हा आकडा. कडेच्या पेशी वाचाव्यात म्हणूनच हे करतात, आणि लागतं काय, तर एक जागरूक सिस्टर आणि एक पंप.

ऑपरेशनने मेलेल्या पेशी जिवंत होतात?

नाही. ऑपरेशन दाब काढतं आणि मणका स्थिर करतं. दाब काढायला जितका उशीर, तितक्या कडेच्या पेशी जास्त जातात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानेच्या दुखापतींवरच्या मोठ्या अभ्यासात २४ तासांच्या आत दाब काढलेल्यांमध्ये चांगली सुधारणा झालेले जास्त होते. मुंबईत रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवण्यात, खाट मिळवण्यात आणि पैशाची जुळवाजुळव करण्यात हेच तास जातात. मार लागलेल्या माणसाला पहिल्यांदाच एमआरआय आणि मणक्याचा सर्जन दोन्ही असलेल्या मोठ्या ट्रॉमा केंद्रात नेलं, तर यातले बरेच वाचतात. पण उशीर झाला म्हणून ऑपरेशन फुकट, असंही नाही. मणका स्थिर झाला की माणसाला लवकर बसवता येतं, आणि बसवणं फार मोठी गोष्ट आहे.

स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं नाही. चूक झाली का?

नाही. १९९० मध्ये एका अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष आले: मिथाइलप्रेडनिसोलोन मोठ्या मात्रेत आठ तासांच्या आत दिलं तर थोडा फायदा. जगभर ते सर्रास सुरू झालं. मग आकडे पुन्हा तपासले गेले, फायदा डळमळीत निघाला, जंतुसंसर्ग आणि पोटातला रक्तस्राव यांची भीती ठळक झाली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या न्यूरोसर्जनांच्या संघटनांनी ते देऊ नये असं म्हटलं. २०१७ च्या दुसऱ्या मार्गदर्शिकेत आठ तासांच्या आत तो एक पर्याय म्हणून ठेवला. काही डॉक्टर देतात, काही नाही, आणि दोघांकडे कारणं आहेत. आठ तास उलटल्यावर देण्यात मात्र अर्थ नाही.

आधी पाय कापसासारखा लुळा होता. आता आपोआप उडतो. नस जिवंत झाली?

पाय उडताना पाहून मी आयांना रडताना पाहिलंय, आनंदाने. म्हणून हे जपून सांगते.

मार लागल्यावर जखमेच्या खालचा रज्जू काही दिवस ते काही आठवडे सुन्न पडतो. त्याला स्पायनल शॉक म्हणतात. पेशी जिवंत, पण मुक्या. मग त्या जाग्या होतात. पण आता त्यांना आवरणारा मेंदूचा निरोप वरून येत नाही. थोडीशी चादर घासली, लघवीची पिशवी भरली, की त्या आपल्या आपणच पाय उडवतात. पाय स्वतःच्या इच्छेने हलतो आहे का, हे वेगळं पाहावं लागतं: "अंगठा वर कर" असं सांगितल्यावर, प्रत्येक वेळी, तोच अंगठा हलला तर ती इच्छेची हालचाल.

पण उडणारा पाय निरुपयोगी लक्षण नाही. खालच्या पेशी आणि स्नायू यांचं नातं शाबूत आहे, हे त्यावरून कळतं. पाठीच्या कण्यावर विजेचे सौम्य झटके देऊन पाय हलवण्याचे जे प्रयोग गेल्या दीड दशकात गाजले, ते याच जिवंत पेशींच्या जिवावर. आणि एकदम जास्त उडायला लागला तर कुठे जखम, मूतमार्गाचा संसर्ग किंवा पायाचं नख रुतलंय का ते शोधा. दुखणं जाणवत नाही, म्हणून शरीर असं सांगतं.

हाताची नस तुटली तर शिवतात आणि हात परत येतो. मज्जारज्जूत का नाही?

हातातला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. तिथल्या 'श्वॉन' नावाच्या आधार-पेशी जुना ढिगारा पटापट साफ करतात आणि नव्या तंतूला वाट आखून देतात. मज्जारज्जूत ढिगारा महिनोन्‌महिने पडून राहतो, आणि त्या मायलिनच्या ढिगाऱ्यातच "पुढे येऊ नको" असं सांगणारे रेणू असतात. स्वित्झर्लंडच्या मार्टिन श्वाब यांनी ते ओळखून, अडवून दाखवलं. शिवाय प्रौढ चेतापेशीची स्वतःची वाढण्याची उमेदही कमी झालेली असते, आणि मेलेल्या चेतापेशीच्या जागी नवी तयार होत नाही.

जखमेभोवती आधार-पेशींची एक वणाची भिंत उभी राहते. वर्षानुवर्षं तिलाच दोष दिला गेला. २०१६ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात ती भिंत होऊच दिली नाही, तर तंतू वाढण्याऐवजी आणखी कमी वाढले. शास्त्रज्ञही इथे अजून शिकतायत.

अस्थिमज्जेतून स्टेम सेल काढून मज्जारज्जूत घातल्या तर? लाखांत खर्च सांगितलाय.

इथे आपली भाषा फसवते. अस्थिमज्जा आणि मज्जारज्जू, दोन्हीकडे 'मज्जा', म्हणून एकातून काढून दुसऱ्यात भरता येईल असं वाटतं. अस्थिमज्जा रक्त बनवणारा कारखाना आहे. तिचा चेतापेशींशी संबंध नाही, शब्द तेवढा सारखा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर उपचार म्हणून मान्य नाही. तो फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. आणि खऱ्या चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. तुम्हाला कोणी पॅकेज सांगत असेल तर ती चाचणी नव्हे. गावची जमीन विकून पॅकेज घेतलेली घरं मी पाहिली आहेत. ते पैसे चांगली व्हीलचेअर, हवेची गादी, न्हाणीघराचं रुंद दार आणि वर्षभराची फिजिओथेरपी यांत गेले असते तर ती माणसं आज कामावर असती.

बी-१२ ची इंजेक्शनं, मालिश, शेक?

बी-१२ ची कमतरता स्वतःच मज्जारज्जू खराब करते, शाकाहारी माणसांत ती बरीच दिसते. असेल तर घ्या. मेलेली पेशी त्याने उठत नाही. हलकं तेल लावायला हरकत नाही. पण बधिर पायावर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नका, चटका कळत नाही आणि भाजतं. एक पाय अचानक सुजला असेल तर चोळूही नका, आत रक्ताची गुठळी असू शकते.

सहा महिन्यांनंतर काही येत नाही म्हणतात. खरं?

पूर्ण खरं नाही. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होतो, पण वर्षभर आणि कधी दोन वर्षांपर्यंतही थोडं थोडं येत राहतं. सूज ओसरते, काही तंतूंना नवं वेष्टन चढतं, वाचलेले तंतू बाजूने फांद्या काढतात.

किती येईल याचा सगळ्यात चांगला अंदाज पहिल्या दिवसांतल्या तपासणीवरून येतो. गुदद्वारापाशी स्पर्श कळतो का, तिथला स्नायू आवळता येतो का, हे डॉक्टर पाहतात. लाजेने ही तपासणी नाकारू नका. तिथे थोडी जरी जाणीव असली तर कडेचे तंतू वाचलेत, इजा अपुरी आहे. ए ते ई अशी जी श्रेणी केसपेपरवर लिहितात त्यात मग 'ए' येत नाही, आणि पुढची शक्यता पार बदलते.

तिला टीबीमुळे झालं, मार लागलाच नाही. तरी पेशी मेल्या?

इथे बातमी बरी असते. मणक्याच्या टीबीत दाब हळूहळू वाढतो, आणि चेतापेशी हळू आलेला दाब अचानक आलेल्यापेक्षा पुष्कळ जास्त सोसतात. बऱ्याच जणींत पेशी दबलेल्या असतात, मेलेल्या नसतात. औषधं पूर्ण मुदतीची घेतली, गरज पडल्यास वेळेवर दाब काढला, तर उठून चालू लागलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. औषध मध्येच सोडू नका.

पेशींचं कळलं. आता घरी सगळ्यात जास्त कशाची काळजी घ्यायची?

कातडी आणि लघवी. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूच्या दुखापतीचे बहुतेक सैनिक मेले ते बेडसोर आणि मूत्रपिंडाच्या संसर्गाने. १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलणं सक्तीचं केलं, रात्रीसुद्धा, आणि माणसं जगू लागली. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीतही हे जमतं, घरात पाळी लावून. बाकी शिकायला हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासून हेच काम करते.

मार छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा तिच्या वर असेल आणि अचानक डोकं फुटेल असं दुखलं, घाम फुटला, चेहरा लाल झाला, तर आधी त्याला उठवून बसवा, मग लघवीची नळी वाकली आहे का ते बघा. रक्तदाब झपाट्याने चढतो. नळी मोकळी करूनही उतरला नाही तर सरळ रुग्णालय.

चार वर्षं झाली. सगळं स्थिर होतं. आता हाताची बोटं बधिर वाटतात.

याकडे दुर्लक्ष करू नका. पेशी मेलेल्या जागी पाण्याची पोकळी उरते. काही जणांत ती महिन्यांनी, वर्षांनी वर वाढू लागते आणि वरच्या चांगल्या पेशींना दाबते. शिंकल्यावर वाढणारं दुखणं, गरम-गार न कळणं, जाणिवेची रेषा वर सरकणं ही तिची चिन्हं. वेळेत सापडली तर पोकळीतलं पाणी वाट काढून देऊन ती थांबवता येते.

एमआरआय करावा लागेल. जाताना अपघाताच्या वेळचा पहिला एमआरआय बरोबर न्या, कारण तुलना केल्याशिवाय पोकळी वाढली की तेवढीच आहे हे सांगता येत नाही. त्या फिल्म आपल्याकडे पावसाळ्यात एकमेकींना चिकटून खराब होतात. आजच कपाटाच्या वरच्या खणात, मध्ये कागद घालून, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि मोबाइलवर त्यांचा एक फोटो काढून घरातल्या दोघांना तरी पाठवून द्या.